देव्हाऱ्यातला दाढीवाला

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी एक दाढीवाला बसलाय. डोक्यावर पानांचा मुकुट, मागच्या बाजूला द्राक्षांचा घड. कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं तेव्हा प्रज्वलनं, माझ्या नवऱ्यानं, म्युझियमच्या दुकानातून आणलेली ही जुन्या ग्रीक नाण्याची नक्कल. चांदीचा देव दिसला म्हणून सासूबाईंनी लगेच हळदकुंकू वाहिलं. मी हसले होते. म्हटलं, राहू दे, कुणाचं काय जातंय!

मग प्रज्वल गेला. दारूनं गेला, सरळ सांगते, आडपडदा कशाला? चाकणहून शिफ्ट संपवून निगडीला यायचा तो पिऊनच. शेवटी लिव्हरनं हात टेकले.

महिनाभरानं त्याचा मित्र एहसान भेटायला आला. त्याला जुन्या नाण्यांचं वेड. देव्हाऱ्याकडे बघून थबकलाच. निघताना दारात हळूच म्हणाला, "वहिनी, तो डायोनिसस आहे. ग्रीकांचा दारूचा देव. त्यांच्या लेखी दारू म्हणजे हा देवच. प्यायलं की तो माणसाच्या अंगात येतो, आपल्याकडे देवीचं वारं येतं ना, तसा. म्हणून मागं द्राक्षं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत सासूबाई नेमकं त्याच नाण्यावर दूध घालत होत्या.

"आई, फेका ते आधी! दारूचा देव आहे तो! तुमचा मुलगा खाल्ला त्यानं आणि तुम्ही त्यालाच दूध पाजताय!"

बोलले आणि जीभ चावली. म्हातारी आता कोसळणार, असं वाटलं. पण त्या नाणं पुसत राहिल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "प्रज्वलनंच सांगितलं व्हतं. पिऊन आला व्हता, हसत व्हता. म्हनला, आई, तू माझ्याच देवाला पूजती."

"आणि तरी तुम्ही...?"

"म्हनूनच पूजला गं! ज्यानं धरलंय त्याच्याच पाया पडावं लागतं, सोड म्हनून. खंडोबानं थोडंच धरलं व्हतं माझ्या लेकराला? रोज ह्याला म्हनले, बाबा, लई राहिलास त्याच्या अंगात, दूध घे, निवद घे, पन आता नीघ." त्यांचा आवाज फाटला. "न्हाई निघाला. घिऊनच गेला."

मला रडू आवरेना. "मग आता कशाला, आई? आता काय मागताय त्याच्याकडे?"

त्यांनी नाणं परत जागेवर ठेवलं, पदरानं डोळे पुसले.

"म्हनते, आता तुझ्यापाशी हाय, तर उपाशीपोटी पिऊ देऊ नगंस."