दोघांच्या वाटचं धावणं

क्लबने हाफझान विकला, त्या आठवड्यापासून सल्वानीला मॅच बघायची भीती वाटायला लागली.

त्याआधी तिला असली भीती ठाऊक नव्हती. लग्नाआधी ती स्वतः मलेशियातल्या केलांतानच्या मुलींच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूने बचावाला खेळलेली. गुडघा गेला, मग शाळेत खेळाची शिक्षिका झाली, आणि कोटा भारू शहरातली निम्मी पोरं तिला चेगू, म्हणजे बाई, म्हणून हाक मारायला लागली. तिचा नवरा नझरीन सुंगाई तिमुर क्लबचा मिडफिल्डर. बचाव फळीच्या पुढे उभं राहायचं आणि समोरून जे येईल ते अडवायचं, हे त्याचं काम. गोल करणाऱ्यांची नावं पोरं पाठीवर छापून घेतात. नझरीनचं नाव छापलेला शर्ट सल्वानीने एकदाच पाहिला होता, तोही तिच्या सासऱ्यांच्या अंगावर.

कोच बाहारींची खेळायची एक रीत होती. चेंडू गेला की मागे पळायचं नाही, उलट तिथल्या तिथे समोरच्याच्या अंगावर जायचं. पहिला धावायचा तो हाफझान. बुटका, काटक, पक्का निर्लज्ज. समोरच्या बचाववाल्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. तो निघाला की बाकीचे त्याच्यामागे निघायचे, आणि चेंडू तिकडेच, वरच्या वरच परत मिळायचा. मागे नझरीनपर्यंत यायचे ते उरलेसुरले तुकडे. साधी साधी पोरं घेऊन बाहारींनी क्लब पाचव्या नंबरवर आणला होता तो याच जोरावर.

अर्ध्या हंगामात क्लबचे अध्यक्ष दातुक शाहीदान यांनी हाफझान दक्षिणेकडच्या एका श्रीमंत क्लबला देऊन टाकला आणि त्याच्या जागी ब्राझीलचा वाल्देसिर आणला. उंच, देखणा, पस्तिशीचा. एकेकाळी मोठमोठ्या मैदानांवर गोल केलेला माणूस.

"तुम्हाला गोल पाहिजेत ना? घ्या गोल!" दातुक स्वागताच्या कार्यक्रमात म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वाल्देसिरचा चेहरा बसवर चढला, स्टेडियमच्या जाळीला त्याचे बॅनर लागले.

आणि त्याने गोल केलेही. पहिल्याच मॅचला डोक्याने असा काही मारला की सल्वानीही खुर्चीवरून उठली. पण चेंडू गेला की हा माणूस कमरेवर हात ठेवून उभा. राग नाही, आळसही नाही. पाऊस थांबायची वाट बघत उभं राहावं तसा. समोरचे बचाववाले चेंडू पायात घेऊन निवांत पुढे चालत यायला लागले. अडवायला कोण? नझरीन. तो वर धावत जायचा. तेवढ्यात त्याच्या मागे मोकळी झालेली जागा भरायला पुन्हा कोण? तोच.

"अबांग, तुझ्यापुढे भगदाड पडलंय," ती घरी आल्यावर म्हणाली. नवऱ्याला ती अबांगच म्हणायची.

"मग तूच हो कोच."

"चेष्टा नाही. कोचना दिसत नाहीये का?"

"दिसतंय की. पण दातुकच्या माणसाला बाहेर बसवणार कोण? तू?" तो हसला. पण हसताना भिंतीला धरून उभा होता.

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांत सलायला लागली. आवडीचा नासी केराबू समोर ठेवला तरी निळा भात तो नुसता चिवडायचा. दात घासताना पोटरीत गोळा आला आणि तो दारावर आदळला. दुपारी झोपला की ती शाळेतून येऊन आधी त्याच्या छातीवर हात ठेवायची, मग पर्स खाली. एकदा मॅचनंतर सासऱ्यांनी फोनवर विचारलं, किती किती झाले? नझरीनने चुकीचा आकडा सांगितला. सासरे हसले. सल्वानीला मात्र हसू आलं नाही. नझरीन स्कोअर चुकणारा माणूस नव्हता.

"डॉक्टरला दाखवू या."

"आणि डॉक्टरने बसायला सांगितलं तर? वानी, नोव्हेंबरला करार संपतोय. बसलेल्या माणसाला कोण नवीन करार देतं?"

शेवटी ती त्याला न सांगता सरावाच्या मैदानावर गेली. बाहारी एकटेच शंकू गोळा करत होते.

"कोच, मी भांडायला आले नाही."

"भांडा, चेगू. त्याची आता सवय झालीये मला."

"वाल्देसिर धावणार नसेल तर सगळा संघच मागे घ्या ना. त्याला एकट्याला पुढे ठेवा, लांबून चेंडू टाका त्याच्या डोक्यावर. त्याला जे येतं ते करू दे. मग नझरीनला वर जावंच लागणार नाही."

बाहारींनी शंकू खाली ठेवले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं. तेवढ्यावरूनच तिला कळलं की हा माणूसही घाबरलेला आहे.

"हेच मी दातुकना बोललो. ते म्हणाले, तुला ब्राझीलचा माणूस आणून दिला आणि तू मला म्हाताऱ्यांचा खेळ दाखवणार? लोक तिकीट काढून गोलपुढे झोपलेली माणसं बघायला येतात का? माझ्या संघात माणसं घेताना ते मला विचारत नाहीत, चेगू. माणूस दारात आणून सोडतात आणि म्हणतात, बसव."

"मग निदान नझरीनला एक मॅच विश्रांती द्या."

"देतो. शब्द देतो. फक्त ही शुक्रवारची होऊन जाऊ दे. त्याच्या जागेवर खेळणारा दुसरा पोरगा लाल कार्ड खाऊन बसलाय."

शुक्रवारी स्टेडियमचे दिवे बिघडलेले होते, म्हणून मॅच दुपारच्या असरच्या नमाजानंतर लगेच, उन्हातच ठेवली. पान हलत नव्हतं. जाळीजवळ उसाचा रस विकणाऱ्यांच्या पेट्यांतला बर्फ भराभर संपत होता. सल्वानी नेहमीच्या जागेवर बसली आणि पहिल्या शिट्टीपासून तिने फक्त नझरीनलाच पाहिलं. वर, मागे, पुन्हा वर. अर्ध्या वेळेला तो आत जाताना तिच्याकडे न बघता गेला. दरवेळी बघायचा.

उत्तरार्धात एक गोष्ट घडली, ती तिथल्या हजारो माणसांत बहुतेक एकट्या तिलाच दिसली. चेंडू उजव्या कोपऱ्यात होता. सगळा संघ तिकडे सरकलेला. आणि नझरीन डावीकडे, रेषेजवळ, जिथे आपला किंवा परका एकही माणूस नव्हता तिथे उभा होता. बाजूला कोणी नसताना कोणालातरी हाताने इशारे करत होता. चेहऱ्यावर घाम दिसत नव्हता.

तो चुकीच्या जागी उभा राहणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. झोपेतही त्याची जागा चुकली नसती. तो मैदानावर नव्हताच. त्याचे पाय तेवढे मैदानावर होते.

ती पायऱ्या उतरत धावली. "बाहेर काढा त्याला! कोच! बाहेर काढा!" जाळीजवळच्या पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "बसा बाई, बसा पुआन, सगळ्यांचेच नवरे खेळतायत." बाहारींची पाठ तिच्याकडे होती आणि गर्दीच्या आवाजात तिचा आवाज कुठल्या कुठे विरून जात होता. तिच्या डोळ्यांसमोर नझरीन धावायला लागला. आपल्याच गोलकडे, तिरका, एखाद्या लहान मुलासारखा अडखळत.

खेळ चालूच होता. चेंडू उडत मधल्या वर्तुळाकडे आला. तिथे वाल्देसिर उभा होता, नेहमीसारखा. त्याने मान वळवून नझरीनकडे पाहिलं. मग वर पाहिलं आणि येणारा चेंडू सरळ दोन्ही हातांनी झेलला.

पुढच्याच क्षणी सगळ्या स्टेडियममधून शिव्यांचा पाऊस सुरू झाला. रेफरी शिट्टी फुंकत पिवळं कार्ड काढत आला. वाल्देसिरने चेंडू फेकून दिला, कार्डाकडे बघितलंही नाही आणि धावत सुटला. या शहरात कोणीही त्याला असं धावताना पाहिलं नव्हतं. तो पोचला तेव्हा नझरीन गुडघ्यांवर आला होता. वाल्देसिरने त्याला पडता पडता धरला.

आता पहारेकरीच बाजूला झाला. सल्वानी पोचली तेव्हा नझरीनचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि हातपाय झटके देत होते. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत ती कुठेच नव्हती.

"अबांग, मी आलेय. वानी. बघ ना इकडे."

रुग्णवाहिकेतली तरुण डॉक्टर धापा टाकत आली. तिने त्याला हात लावला मात्र, आणि ओरडली, "उष्माघात आहे! बर्फ! मिळेल तेवढा बर्फ आणि पाणी! काहीतरी आणा भरायला, टब, ताडपत्री, काहीही!"

मग जे झालं ते सल्वानीला तुकड्या-तुकड्यांतच आठवतं. लोकांनी जाळीवरचा एक बॅनर ओरबाडून काढला. खेळाडूंनी नझरीनला त्यावर ठेवून कडा वर धरल्या, झोळीसारख्या. रसवाल्यांच्या पेट्या माणसांच्या डोक्यांवरून हातोहात मैदानात आल्या. समोरच्या संघाचा गोलकीपर गुडघ्यांवर बसून बर्फ फोडत होता. मघाशी शिव्या देणारा एक म्हातारा रडत रडत बाटल्या ओतत होता. झटके थांबले. ते थांबले तेव्हा तिला आणखीच भीती वाटली. तिने कान त्याच्या तोंडाशी नेला आणि तो श्वास घेतोय हे कळेपर्यंत हलवला नाही.

दवाखान्यात त्याला शुद्ध आली, पण भीती संपली नाही. मूत्रपिंडांना मार बसलाय, डॉक्टर म्हणाले, वाट बघावी लागेल. सल्वानी वाट बघत बसली. काचेपलीकडच्या यंत्राचा आवाज बदलला की उठायची. दातुक फळांची टोपली आणि फोटोवाला घेऊन आले. ती दारात आडवी उभी राहिली.

"दातुक, फळं ठेवा. फोटो नको."

"चेगू, माझं मन साफ आहे. मी क्लबसाठी चांगलाच माणूस आणला ना?"

"चांगलाच आणलात. कशासाठी, ते विचारायचं राहिलं." तिला वाटलं, आता नझरीनचा करार गेला. पण ती दारातून हलली नाही. दातुक काहीतरी पुटपुटत फळं ठेवून निघून गेले.

वाल्देसिर आला तो एकटा. मोडक्यातोडक्या मलाय भाषेत बोलला.

"पुआन, आधी एकदा, माझ्या देशात. माझा मित्र. असाच चुकीचा धावत होता. आम्ही हसलो. वाटलं, थट्टा करतोय. तो पुन्हा उठला नाही. म्हणून मी चेंडू हातात घेतला, खेळ थांबवायला."

सल्वानीला त्याचा राग यायला हवा होता. इतके दिवस तो तिने साठवलेला होता. पण समोरचा तो उंच माणूस खुर्चीच्या काठावर बसून काचेपलीकडच्या नझरीनकडे बघत होता.

"तुम्ही त्या दिवसाच्या आधी का नाही धावलात?" तिने तरीही विचारलं.

"मी कधीच धावत नाही. वीस वर्षांचा होतो तेव्हाही नाही. मी गोलपुढच्या चौकोनात उभा राहतो, लोक मला चेंडू देतात. दातुकनी विचारलं, किती गोल? कसा खेळतोस, हे कोणी विचारलंच नाही."

त्या आठवड्यात तो दातुकांकडे गेला आणि म्हणाला, कोच म्हणेल तसा संघ खेळला तरच मी मैदानात उतरणार. दातुक चिडले, पण बॅनरवरचा माणूस घरी कसा बसवायचा? बाहारींनी संघ मागे घेतला. वाल्देसिर एकटा पुढे, बाकी सगळे गोलपुढे दाटीवाटीने. दिसायला कंटाळवाणा खेळ. लोकांनी हुर्यो उडवली. पण त्या हंगामात पुन्हा कोणी कोसळलं नाही. क्लब नवव्या नंबरवर गेला, बाहारींची नोकरी गेली आणि वाल्देसिर आपल्या देशी परतला. दातुकनी मग नवा कोच आणला, आणि तो यायच्या आधीच दोन नवे खेळाडूही.

नझरीनची मूत्रपिंडं हळूहळू सावरली. वर्षभराने डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण सुंगाई तिमुरने बोलावलं नाही. तुम्पात गावातल्या एका छोट्या क्लबने घेतलं. तिथे माणसं कमी, मैदानाच्या कडेला नारळाची झाडं, आणि कोच प्रत्येकाला आधी विचारतो, तुला काय जमतं?

सल्वानी दर मॅचला जाते. नझरीन लांब धावून आला की गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो, आणि ती उभी राहते. तो तिच्याकडे बघून अंगठा वर करतो. मागचे लोक ओरडतात, "चेगू, बसा की, दिसत नाही!" चेंडू पुन्हा खेळात येतो, नझरीन मान वळवून आजूबाजूला बघतो, दोन पावलं डावीकडे सरकतो, बरोबर जिथे असायला हवं तिथे जाऊन थांबतो. मग ती बसते. नीट टेकून मात्र बसत नाही.