दादाची संमती

महापालिकेला स्वतःचं काम जमत नव्हतं, म्हणून तिने ते करायला बाहेरची माणसं बोलावली होती. त्याला गोंडस नाव दिलं होतं भागीदारी. आपलं लेकरू शेजारणीच्या ओटीत टाकायचं आणि आई म्हणून आपणच मिरवायचं, तशातली गत. धाकटी सभागृहात बसून हे सगळं ऐकत होती आणि तिच्या तोंडाची चव गेली होती.

शेजारी तिचा दादा बसला होता. वयाने पन्नाशी ओलांडलेला, समजेने पाच-सहा वर्षांचा. आई गेल्यापासून तो तिच्याकडेच होता. रोज सकाळी त्याच्यासारख्यांसाठी असलेल्या पालिकेच्या केंद्राची गाडी त्याला घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची, म्हणून तर धाकटीला शर्टांच्या कारखान्यात मशीनवर बसता येत होतं. आता केंद्र चालवायला घेतलेली नवी संस्था म्हणत होती, गाडी आठवड्यातून दोनच दिवस येईल. उरलेल्या दिवशी भावाला कुलपात ठेवून कामावर जायचं की काम सोडून त्याच्याजवळ बसायचं, हे तिचं तिने बघायचं होतं.

व्यासपीठावर संस्थेचे साहेब बोलत होते. त्यांचं हसू इस्त्री केलेलं होतं, काही केल्या घडी मोडत नव्हती. पडद्यावर बाण वर वर चढत होते आणि आयुक्त मान डोलवत होते. जन्मात कुणाची लाळ न पुसलेली ही माणसं खुशाल उंटावरून शेळ्या हाकत होती.

“लाभार्थ्यांना विचारल्याशिवाय आम्ही पाऊल उचलत नाही,” साहेब म्हणाले आणि त्यांनी दादाला वर बोलावलं. कॅमेरा सुरू झाला. “काका, दोन दिवस केंद्रात, बाकीचे दिवस घरी आराम. चालेल ना?”

“हो!” दादा म्हणाला.

टाळ्या पडल्या. धाकटीचं डोकंच फिरलं. मोठ्या आवाजात विचारलं की दादा सगळ्यालाच हो म्हणतो. नाही म्हटलं तर माणसं रागावतात, एवढंच तो जगाकडून शिकला होता. ती तरातरा वर चढली.

“दादा, या साहेबांना आपल्याकडे राहायला नेऊ या?”

“हो!”

“आयुक्तसाहेब आपली भांडी घासतील?”

“हो!”

सभागृह खदाखदा हसलं. दादाही हसला.

“अशी घेता होय संमती?” धाकटी कडाडली. “लाज कशी वाटत नाही?”

“मग ताई, तुमच्या पद्धतीने विचारा की,” साहेब म्हणाले. घडी तशीच.

पद्धत होती. केंद्रातल्या मावशी त्याला तोंडाने कधी विचारतच नसत. दोन हातांत दोन वस्तू धरायच्या, दादा घेईल ती खरी. धाकटीने एका हातात त्याची डब्याची पिशवी धरली. केंद्रात जाताना ती खांद्याला लावल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. दुसऱ्या हातात संस्थेने दारात वाटलेली पाण्याने भरलेली लाल बाटली घेतली.

“पिशवी म्हणजे रोज केंद्र. बाटली म्हणजे हे साहेब. घे दादा.” तिला कणभरही शंका नव्हती. आता या शहाण्यांची कशी जिरते, ते तिला डोळे भरून पाहायचं होतं.

दादाने बाटली घेतली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब कॅमेऱ्याकडे वळून लोकांच्या निवडीबद्दल बोलू लागले. दादाने झाकण उघडलं, बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा रिकामी केली. सकाळपासून भाषणं चालली होती आणि एवढ्या वेळात त्याला पाणी कुणी विचारलं नव्हतं. आयुक्तांनी नाही, साहेबांनी नाही, तिनेही नाही. “त्याला तहान लागली होती हो,” ती म्हणाली, पण ध्वनिक्षेपक तिच्यासमोरून केव्हाच नेला होता. तिथल्या एकूण एका माणसाची तिला किळस आली. त्यात ती स्वतःही होती.

ठराव मंजूर झाला. घरी जाताना कुलपांच्या दुकानासमोर ती थांबली, आत गेली, कुलूप घेऊन बाहेर आली. दादा पायरीवर पिशवी सांभाळत उभा होता.

“उद्या गाडी?” त्याने विचारलं.

उद्या गाडी नव्हती, परवाही नव्हती. दोन्ही हात रिकामे करून, खाली बसून त्याला समजावता आलं असतं. धाकटीने कुलूप पदराआड धरलं.

“हो,” ती मोठ्या आवाजात म्हणाली.