कोरडा टाक

ऑर्फाबाई विन्स्लोंनी टाक दौतीत बुडवला, अग्रलेखाची शेवटची ओळ लिहिली आणि सवयीने पानावर फुंकर मारली. व्हरमाँटमधल्या त्या गावातून निघणारं बायकांचं साप्ताहिक त्या एकवीस वर्षं चालवत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. दृष्टी गेलेल्या संपादिकेला मालकांनी दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं.

खालच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारी हल्डा रोज वर येऊन मजकूर नेई. आज तिला उशीर झाला, म्हणून ऑर्फाबाई कठडा धरून स्वतःच उतरल्या. खाली नेमके मालक थेअरसाहेब उभे. त्यांनी पान घेतलं, उलटंपालटं केलं.

"बाई, हे कोरं आहे."



"कोरं कसं असेल, साहेब?" हल्डाने पुढे होऊन पान काढून घेतलं. "उजेड अडवून उभे आहात तुम्ही. सरका बघू."

खिडकीशी पान तिरपं धरून ती घडाघडा वाचू लागली. मुलींच्या शाळेत शेगडी हवी, अशी मागणी होती. शब्द न् शब्द ऑर्फाबाईंचा होता.

"यंदाची शाईच फिकी आहे," हल्डा म्हणाली. "आणि चष्मा बदला, साहेब."

चष्मा पुसत, काहीतरी पुटपुटत साहेब बाहेर पडले.

"दौत कोरडी होती?" ऑर्फाबाईंनी हळूच विचारलं.

"शेगडीजवळ ठेवता ना तुम्ही, वाळते. पण टाकाचे ओरखडे उमटतात, बाई. उजेडात दिसतात."

"किती वेळा झालं हे?"

"हिवाळा लागल्यापासून पाचसहादा."

"आणि ओरखडे वाचता आले नाहीत तर?"

हल्डा बोटांवरची शाई पुसत राहिली. "मग माझ्या पदरचं घालते. मी कापडगिरणीत होते तेव्हा माझ्या गोष्टी परत पाठवताना चार-चार पानं लिहून चुका सांगायचात. कोण लिहितं गिरणीतल्या पोरीला एवढं? तुमची वाक्यं पाठ झालीत मला."

सुगीनंतरच्या आभारदिनाच्या अंकात एक वाक्य होतं: 'राबणाऱ्या बाईचे नुसते आभार मानू नका, तिला खुर्ची द्या.' त्यावर वाचकांची ढीगभर पत्रं आली होती, ती हल्डानेच वाचून दाखवली होती. ते लिहिल्याचं ऑर्फाबाईंना आठवत नव्हतं. वय झालं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी साऱ्यांना उत्तरं धाडली होती.

"खुर्चीचं वाक्य तुझं?"

"त्या दिवशी ओरखडे वाचताच आले नाहीत, बाई."

"कार्टे, माझ्यापेक्षा बरं लिहितेस की!" ऑर्फाबाई म्हणाल्या. "फार केलंस गं माझ्यासाठी. वर चल."

वर गेल्यावर त्यांनी चाचपडत आपली खुर्ची हल्डासाठी मागे ओढली, तिच्या हाती टाक दिला आणि उभ्यानेच मजकूर सांगू लागल्या.

"चूक दुरुस्ती. आभारदिनाच्या अंकातलं खुर्चीचं वाक्य संपादिकेचं नव्हतं. संपादिकेला आता दिसत नाही. ते वाक्य याच छापखान्यातल्या कुमारी हल्डा प्रॅट यांचं आहे."

टाकाची कुरकुर थांबली.

"शाई संपली?"

"नाही, बाई. साहेब वाचतील."

"वाचू देत. लिही."

कुरकुर पुन्हा सुरू झाली. ऑर्फाबाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिल्या.