शनी, राहू, केतू आणि तीन स्क्रू

उचगावच्या माळावर ग्रहसरळ महाराजांचा मांडव लागला आणि रांग एवढी लांबली, की दाढी करून शेपटीला उभा ऱ्हायलेला गडी पुढं पोचंपर्यंत दाढीवाला व्हायचा. नंदगडातनं, पार निपाणीकडनं माणसं यायची. रांगेतच भाकऱ्या सुटायच्या, रांगेतच सोयरिकी जमायच्या.

नागुबाई ह्या रांगेत दुसऱ्यांदा उभी होती. चार महिन्यांमागं ती पोराला, युवराजला घेऊन आलती. फाउंड्रीत काम करणारा चोवीस वर्सांचा गडी, टीबीनं वाळून गेलता. सरकारी दवाखान्यातल्या सहा महिन्यांच्या गोळ्या. दोन महिने खाल्ल्या, ताप गेला, तोंडाला चव आली. तेवढ्यात महाराजांनी त्याचे ग्रह सरळ केले आणि सांगितलं, "आता गोळ्या बंद. गोळ्यांनी ग्रह परत हलत्यात." नागुबाईनं उरलेल्या गोळ्या चुलीत घातल्या. आता त्याच्या खोकल्यातनं रगत पडाय लागलं होतं. तिला वाटत होतं, ग्रह परत ढळला असंल.

संगट भैरवीबाई होत्या. बेळगावातल्या हायस्कुलात त्यांनी युवराजला विज्ञान शिकवलेलं. त्याला बघायला म्हणून आल्या, महाराजांच्या यंत्रातल्या ठिपक्याची गोष्ट नागुबाईकडनं ऐकली आणि म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर. मला ते यंत्र बघायचंय."

मांडवात अंधार आणि धुपाचा धूर. मधी टेबलावर माणूस मावंल एवढा नळा आडवा ठेवलेला. नळ्याच्या बाजूला एक पांढरी चकती, तिला मधी बारकं भोक. चकतीच्या कडंला तांबडा ठिपका चमकत होता.

"नळ्याला हात लाव. ह्यो ठिपका म्हंजी तुझा जीव," महाराज एका म्हाताऱ्याला सांगत होते. "बघ, घर सोडून कुठं हिंडाय लागलाय." मग ते नळ्यामागं गेले. तिथं तीन स्क्रू. पैला पिळला. "शनी, स्वल्प सरक रं." ठिपका सरकला. दुसरा पिळला. "राहू, बूड टेकून बस." तिसरा पिळला. "केतू, तुला येगळं सांगू व्हय?" ठिपका बरोबर भोकात गेला. म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

नागुबाईचा नंबर आला. तिनं पिशवीतनं युवराजचा सदरा काढला. "महाराज, पोराला उठवत न्हाय. सदरा चालतोय का?"

"चालतोय की. ग्रह घामात असत्यात."

"मग चप्पल पण चालंल," भैरवीबाई म्हणाल्या. महाराजांचीच चप्पल उचलून त्यांनी नळ्यावर ठेवली आणि मागचा स्क्रू पिळला. ठिपका कडंला पळाला. "ह्या चपलेला साडेसाती लागली बघा." उलटा पिळला. ठिपका भोकात. "सुटली."

मांडव हसला. महाराज न्हाय हसले.

"ही दुर्बीण आहे," बाई म्हणाल्या. "तारे बघायची. तळाला मोठा आरसा, तोंडाजवळ छोटा. दोन्ही एकमेकांला नीट जुळले नाहीत तर तारा फिसकटलेला दिसतो. म्हणून डोळा लावायच्या जागी हा चकतीवाला लेसर खोचतात. त्याचा उजेड छोट्या आरशावरनं मोठ्यावर जातो आणि आल्या वाटेनं माघारी आला पाहिजे. स्क्रू पिळले की मोठा आरसा कलतो. ठिपका भोकात आला की आरसा सरळ झाला. आरसा. माणूस नव्हे."

मग त्यांनी लेसर जागच्या जागी फिरवला. आत मोठ्या आरशावर ठिपका गोल गोल फिरला. "बघितलं? लेसरच वाकडा आहे, नाहीतर ठिपका जागचा हलला नसता. तो आधी सरळ करायचा असतो. महाराजांना आरसा पण धड सरळ करता आलेला नाही."

मांडव सांभाळणारा भावकू पुढं आला. "बाई, तुमी आंघोळ न करता हात लावला. यंत्र बाटलं. आता फिरणारच की ते."

"व्हय, व्हय," मागनं चार-पाच जण म्हणाले. हसू कवाच विरलं होतं. रांग परत सरळ झाली.

भायेर आल्यावर नागुबाईनं विचारलं, "बाई, मग माझा पोरगा बरा कसा झालता?"

"गोळ्यांनी."

"आणि ठिपका?"

"तो नुसता त्या वेळी तिथं होता, आक्का."

नागुबाई सदऱ्याची घडी घालत ऱ्हायली. ती काय नीट बसंना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनी युवराजच्या छातीचा फोटो उजेडाला धरला, थुंकीचा रिपोर्ट बघितला. गोळ्या अर्धवट सोडल्यानं जंतू निबर झालते, जुन्या गोळ्या आता लागू पडणार न्हवत्या. नव्या सुरू केल्या. "उशीर झाला," ते म्हणाले. "बघू." युवराजला बोलाय दम लागत होता.

पुढच्या महिन्यात महाराजांचा मांडव गुंजीला लागला. नागुबाई रेल्वेनं तिथं जाती, रांगेच्या कडंला उभी ऱ्हाती आणि पोराचं काय झालं ते रांगेतल्यांना सांगती. परवा हातात गोळ्यांची पिशवी घेतलेल्या एका बाईनं मधीच तोडलं, "ते ऱ्हाऊ दे आक्का. ठिपका मधी येतोय का न्हाय, तेवढं सांगा."

"येतोय," नागुबाई म्हणाली. "स्क्रू पिळला की येतोय. तू हात काढून बघ, हितनं निघून जा, तरी बी येतोय. मग तो तुझा कसा गं? एवढं इचार महाराजाला. आणि डॉक्टरला इचारल्याबिगर गोळ्या सोडू नगस, पाया पडते तुझ्या."

त्या बाईनं गोळ्यांची पिशवी कमरंला खोचली आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकली.