हिरव्या दिव्याचा इन्व्हर्टर

मी एक जुना इन्व्हर्टर आहे, मित्रांनो, आणि थोडा थापाड्याही आहे. जेवणाच्या डब्याएवढा माझा जीव. पण बॅटरीला दोन चिमटे लावले की तिच्या विजेची मी घरातल्यासारखी वीज करून देतो.

उमेदीची वर्षं गेली शहागंजात, राजकुमारच्या ज्यूसच्या गाड्यावर. माझ्या जोरावर मिक्सर असा फिरायचा, की त्याच्या वाऱ्यानं समोरच्या दुकानातल्या साड्या उडाल्या आणि थेट दौलताबादच्या किल्ल्यावर जाऊन पडल्या. पटत नसेल तर किल्ल्याला विचारा. "हा माझा वाघ हाय, वाघ!" राजकुमार गिऱ्हाइकांना सांगायचा. म्हणायचा वाघ आणि राबवायचा बैलासारखा. एका उन्हाळ्यात भर दुपारी माझ्या पोटात काहीतरी जळालं. तेव्हापासून बारकं काम जमे. जड काम आलं की दम तुटे. पुढचा हिरवा दिवा मात्र लागतच राहिला.

राजकुमारनं मला पुसलं, दिवा लावून फोटो काढला आणि मोबाईलवर जाहिरात टाकली : 'एकदम चालू. घरात वापरलेला.' बघा, माझ्याहून मोठा थापाड्या निघाला!

मला घेतलं हनुमाननं. खुलताबादच्या डोंगरावर त्याची धनगरवस्ती. तो पिकअप गाडी चालवायचा. वस्तीला वीज देणारा डीपी जळाल्यानं लाईट नव्हती, आणि त्याची बहीण रत्नमाला हिची परीक्षा तोंडावर आली होती. वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायची नोकरी. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर, आणि एकदाच. नोकरी लागली तर शहर, नाही तर दिवाळीनंतर मेंढरांमागं गोदाकाठ, असं वडील सोनाजी यांनी सांगून ठेवलं होतं.

हनुमाननं मला पिकअपच्या बॅटरीला जोडलं. साऱ्या वस्तीचे मोबाईल माझ्यावर चार्ज झाले. आई बानाबाईनं मला हळदकुंकू लावलं. "लई गुणाचं लेकरू हाय," ती म्हणाली. मित्रांनो, माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी रत्नमालाची मैत्रीण तनुजा शहराला कामावर जाता जाता आपला जुना लॅपटॉप द्यायला आली. तो वायर लावल्याशिवाय चालत नसे.

"रत्ने, बस गाडीवर. माझ्या खोलीवर लाईट हाय, तिथंच दे परीक्षा."

"कशाला हेलपाटा?" सोनाजी म्हणाले. "ह्यो बघ की, हिरवा दिवा लागलाय. कालपासनं समद्यांचे मोबाईल भरले त्यानं."

वायर लावली. लॅपटॉप सुरू झाला. रत्नमाला हसली आणि तनुजा निघून गेली. ओरडून सांगावंसं वाटलं, "जा गं पोरी, तिच्यामागं जा!" पण माझ्याजवळ होता तो एक दिवा, आणि तोही हिरवा.

परीक्षा उघडली, कॅमेरा लागला, लॅपटॉपनं जोर मागितला. माझा दम तुटला. पडदा काळा झाला.

"आबा, बंद पडलं!" रत्नमाला वडिलांना ओरडून म्हणाली.

"बॅटरीचा चिमटा ढिला आसंल," हनुमान म्हणाला. चिमटे घासले. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग लॅपटॉपवर संशय गेला. मग बानाबाईनं मीठमोहऱ्या आणून लॅपटॉपची दृष्ट काढली.

"आये, त्याला नजर नाय लागत गं!" रत्नमाला म्हणाली.

"मंग बंद का पडतंय? ह्याचा दिवा तर लागलाय की!"

माझ्यावर कुणाचा संशयच जाईना. शेवटी हनुमाननं तनुजाला फोन लावला. "आरं दादा, मी तर कवाच घाट उतरले!" ती रडकुंडीला आली. तोवर परीक्षेचं दार बंद झालं होतं. सोनाजी उठले आणि मेंढरं सोडायला गेले.

"हे ध्यान इकून टाकू," तोच लॅपटॉप तनुजाच्या खोलीवर नीट चालल्याचं कळलं, तेव्हा माझ्याकडं बघत हनुमान म्हणाला. "दिवा लागतोय तवर कुणीबी घील."

"दादा, घेणाऱ्याचीबी परीक्षा आसंल," रत्नमाला म्हणाली. तिनं माझे चिमटे तोडले आणि मला लोकर कातरायच्या कात्र्यांशेजारी टाकून दिलं.

दिवाळी झाली. मेंढरं गोदाकाठाला गेली आणि त्यांच्यामागं काठी घेऊन रत्नमालाही गेली. माझ्या डोक्यावर धूळ बसते आहे. आता थापाही सुचत नाहीत.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर घ्या, पण तिच्यावर पुरतं ओझं टाकून बघा. विकाल, तर तिचं दुखणं आधी सांगा. तुम्ही ऐकलंत म्हणून रत्नमाला काही परत शहराच्या वाटेला लागणार नाही. तरी सांगा. विकायला काढलेल्या वस्तूला तोंड नसतं, तुम्हाला आहे.