लपवलेला तडा

मी कार्बनचा बाण आहे. आता दोन तुकड्यांतला. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मला दया नको आहे. मला राग आला आहे आणि तो सांगायचा आहे.

२००५ साली मी वर्ध्याच्या एका तिरंदाजी मंडळात आलो. काळा, गुळगुळीत, काडीसारखा हलका. हिंगणीची स्वीटी मला निशाण्यावर मारायची. तिच्या धनुष्यातून निघालो की मी थेट पिवळ्या वर्तुळात जाऊन रुतायचो. "हा बाण दगा देत नाई," असं ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मंडळाचं सामान गजेंद्रच्या ताब्यात होतं. एका दुपारी त्याने मला हौसेनं निशाण्यावर मारलं आणि त्याचाच पुढचा बाण तिथे रुतलेल्या माझ्या अंगावर आदळला. मला केसाएवढा तडा गेला. गजेंद्रने तो नखानं चाचपला. मग त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि मला स्वीटीच्या भात्यात सरकवलं. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

दुसऱ्याच दिवशी जिल्हा संघाची निवड होती. दर फेरीला तीन बाण मारायचे, आणि स्वीटीकडे तीनच चांगले उरले होते. कुठे तडा आहे का ते बघायला तिने नेहमीसारखा कापसाचा बोळा माझ्यावरून फिरवला. पट्टीच्या कडेला कापूस अडकला. तिने पट्टी सोलली, मला कानाजवळ धरून हलकेच वाकवलं. मी कर्र वाजलो.

"नलूताई, हा बाण फुटला!"

प्रशिक्षक नलूताई यायच्या आत गजेंद्र धावला. "काऊन नाटक करून राह्यली? हरायचा भेव वाटते त तसं सांग."

"ही पट्टी कोनं लावली, गजूभाऊ?"

"मले काय मालूम? नुसता ओरखडा हाय. मार गुमान."

स्वीटीने मला त्याच्यापुढे धरलं. "मंग तुमीच मारा. घ्या."

गजेंद्रने दोन्ही हात मागे घेतले.

"घे ना," मागून नलूताई म्हणाल्या. "ओरखडाच हाय ना?"

सगळं मैदान बघत होतं. तो जागचा हलला नाही.

नलूताईंनी मला जोरानं वाकवलं. मी मोडलो आणि सुयांसारख्या काळ्या कुसळांचा झुपका बाहेर आला. तो त्यांनी गजेंद्रच्या नाकासमोर धरला. "सोडताना बाण फुटला असता त हे पोरीच्या हातात घुसलं असतं. आजपासून सामानाले हात लावू नोको."

इतरांचे बाण स्वीटीच्या धनुष्याला आखूड पडत होते. ती दर फेरीला दोनच मारत राहिली. संघात तिचं नाव लागलं नाही. गजेंद्र तिची माफी मागायला कधी आला नाही.

मित्रांनो, प्रत्येक बाण मारण्याआधी वाकवा, कान लावून ऐका, कापूस फिरवून बघा. आणि तुमच्या हातून काही फुटलं तर तोंडानं सांगा. मोडल्याचं मला दुःख नाही. पण जिने मला जपलं, तिच्याच हातात घुसायला मला पाठवलं होतं. ते मी माफ करणार नाही.