फळीवरची शेवटची बाटली

मी एक जुनी वाइन आहे. हे ऐकून वाहवा करायला निघाला असाल, तर थांबा. मित्रांनो, मी जुनी होण्यासाठी जन्मलेच नव्हते. मी वर्षाच्या आत पिऊन संपवायची साधी, ताजी लाल वाइन. तुमच्यात कुणी लहान असेल तर मला प्यायचं नाही, पण माझं ऐकायला हरकत नाही. मला जुनं केलं ते माणसांनी, आणि तेही प्रेमापोटी. त्याचाच तर संताप येतो.

माझा जन्म स्पेनमधल्या गॅलिसियात, सील नदीच्या कड्यावर. आमचा मळा इतका उभा, की वरच्या तालीवरून निसटलेला घड थेट पाण्यात जायचा. उतारावर बांधलेल्या दगडी तालींवर जेमतेम दोन ओळी वेली, आणि मध्ये पाऊल मावेल एवढी वाट. तिथं यंत्र चालत नाही. द्राक्षांचा क्रेट खांद्यावर घ्यायचा आणि तीनशे पायऱ्या चढून रस्त्यावर आणायचा. देल्मिरो आणि त्याची धाकटी बहीण ओतिलिया, दोघांनी जन्मभर हेच केलं. सत्तरी उलटली तरी दोघं एकाच घरात राहत होते, आणि एकमेकांच्या प्रश्नाला सरळ उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं. आमच्याकडची माणसं ताकास तूर लागू देत नाहीत.

"पिकली का रे द्राक्षं?"

"तुला काय वाटतं?"

"चाखलीस तू. मला काय वाटायचंय?"

"चाखली म्हणून काय लगेच सांगायचं असतं?"

एवढं झालं की दोघं टोपल्या उचलायचे. म्हणजे पिकली होती.

त्या वर्षी मी झाले. काय सांगू माझा तोरा! पांढऱ्या वाडग्यात ओतली की कडेला जांभळी रेघ उमटायची. चेरीचा वास, आणि त्यामागे ओल्या दगडाचा. नोव्हेंबरात भाजलेल्या चेस्टनटबरोबर गावानं मला पहिल्यांदा चाखलं. शेजारच्या एर्मिनियोनं ओठ पुसले आणि म्हणाला, "देल्मिरो, यंदा चुकून बरी झाली वाटतं." याहून मोठी स्तुती आमच्या गावात कुणी करत नाही.

मी अजून पिंपातच होते. फेब्रुवारीत छाटणी करताना देल्मिरोचा पाय तालीवरून सटकला. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या आता विसरा. एकट्या ओतिलियाला मळा झेपणारा नव्हता. म्हणजे त्या कड्यावरची मी शेवटची वाइन. मग मला बाटल्यांत भरलं. उन्हाळ्यापर्यंत माझ्या सगळ्या बहिणी पिऊन झाल्या, आणि मी एक बाटली उरले. ओतिलियानं मला चुलीच्या वरच्या फळीवर, आईच्या फोटोशेजारी उभं केलं.

"ही इरियासाठी," ती म्हणाली. "तिनं एक घोट घेतला की ती मळा सोडायची नाही."

"सोडायची नाही म्हणतेस?" देल्मिरो म्हणाला, पण त्याचे डोळे चमकले.

इरिया म्हणजे त्यांच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. विगो शहरात एका बेकरीत कामाला होती. लहानपणी दर तोडणीला यायची, कड्यावर शेळीसारखी पळायची. मळा तिनं घ्यावा, एवढंच त्या दोघांना हवं होतं. फोनवर तेवढं बोलायचं होतं. मी फळीवरून ऐकत होते.

"यंदा येणार का गं?" ओतिलियानं विचारलं.

"का मावशी, यायला हवंय का?"

"तुला सवड आहे का?"

"तुम्हाला गरज आहे का?"

"आम्हाला कसली गरज?"

फोन ठेवला गेला. अगं बाई, गरज आहे म्हण की!

मित्रांनो, बाटलीला तोंड असून बोलता येत नाही. खालून चुलीची धग लागत होती. बूच सुकत चाललं होतं. पहिला हिवाळा गेला आणि माझा चेरीचा वास गेला. दुसऱ्या वर्षी जांभळा रंग विटला. खिडकीतून मला मळा दिसायचा. काटेरी झुडपं एकेक ताल गिळत वर येत होती. नाताळ आला की ओतिलिया माझ्यावरची धूळ पुसायची.

"उघडूया का?"

"उघडूया म्हणतेस?"

की मी पुन्हा फळीवर. उघडा रे, मी मरतेय, असं मी आतल्या आत किती वेळा म्हटलं असेन!

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी इरिया आली. ओतिलियानं मला खाली काढलं. वाडग्यात पडताना मीच मला पाहिलं. विटकरी, निस्तेज. वाडग्याला तडा गेला असता, तर मी त्या फरशीत जिरून गेले असते. इरियानं घोट घेतला आणि तिचा चेहरा आक्रसला.

"मामा, अशीच असायची ही?"

"नाही," देल्मिरो म्हणाला. त्याच्या तोंडून असा सरळ शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग त्यानं काठी घट्ट धरली. "इरिया, मळा तू घे. इकडे ये राहायला."

इरियाचे डोळे भरून आले.

"आता नाही, मामा. गेल्या महिन्यात मी बेकरीत भागीदार झाले. तीन वर्षं तुमच्या तोंडून हे ऐकायची वाट पाहिली. वाटलं, तुम्हाला मी नकोय."

"तू विचारायचंस ना गं," ओतिलिया म्हणाली.

"विचारलं होतं, मावशी. दर वेळी."

मग इरियानं वाडगा उचलला आणि ती मला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तशी आंबट, तशी मेलेली. तिला नाही म्हणता आलं असतं. ते मी विसरणार नाही.

बाटलीत जे उरलं होतं ते ओतिलियानं व्हिनेगरच्या बरणीत ओतलं. कड्यावर आता फक्त झुडपं आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी कुणासाठी काही राखून ठेवलं असेल, तर ते आज खाली काढा. कुणी यावं असं वाटत असेल, तर त्याला ये म्हणा. समोरचा ओळखून घेईल, या भरवशावर राहू नका. मी राहिले होते.

काल ओतिलियानं मला उकडलेल्या कोबीवर शिंपडलं. देल्मिरोनं घास घेतला आणि विचारलं, "फार उशीर केला का गं आपण?"

ओतिलियानं चमचा खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली.